हरसूलच्या ओहोळात कॅमेरा

नाशिकहून गिरणारे मार्गे वाघेऱ्याचा घाट ओलांडला की हरसूलची हवा लागते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या हद्दीजवळचे हे गाव माझे माहेर. अब्बांचे किराणा दुकान होते, ते आता भाईजान चालवतात. दिवाळीची सुट्टी लागली की मी मुलांना घेऊन अम्मीकडे जाते. भात कापून झालेला असतो. पावसाळ्यात चहासारखे लाल असणारे ओहोळाचे पाणी तोवर इतके निवळते की तळातले खडे मोजावेत.

गेल्या सुट्टीत या ओहोळात मी पहिल्यांदा तोंड बुडवले. वय वर्षे पंचेचाळीस. लहानपणी याच काठावर कपडे धुतले, भांडी घासली, पण पाण्यात शिरायचे ते गुडघ्यापर्यंत. कुणी मनाई केली नव्हती. कुणी शिकवलेही नव्हते.

याची सुरुवात मात्र मालवणला झाली. आदल्या वर्षी आम्ही सगळे तिथे गेलो होतो. किनाऱ्याजवळच्या खडकांपाशी होडीतून नेतात, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात नळी देतात, आणि पाण्यावर पालथे पडून खालची दुनिया बघायची. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. मुलगा आणि त्याचे अब्बा उतरले. होडीवर सगळे पुरुष, अंगावर भिजलेले कपडे घेऊन वर कसे यायचे, या विचाराने मी बसून राहिले. मी बसले म्हणून माझी चौदा वर्षांची मुलगीही बसली. तिने हट्ट केला नाही, हेच मला नंतर टोचत राहिले.

त्या दोघांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोबाइल नेला होता. फोटो आले ते निळ्या धुक्याचे. पाण्यात मोबाइलचा पडदा बोटाला दाद देत नाही, हे तिथे कळले. पिशवीत पाणी शिरले आणि मोबाइलही गेला.

मग कुवेतहून सुट्टीवर आलेल्या दिराने त्यांचा जुना छोटा कॅमेरा मुलीला दिला. ऑलिंपस टफ टीजी-६. वेगळ्या डबीशिवाय पंधरा मीटर खोलीपर्यंत चालतो, मुठीत मावतो. तो हातात आला आणि मुलगी म्हणाली, "अम्मी, आता तरी उतरू या ना."

मी शिक्षिका, आधी धडा, मग परीक्षा. म्हणून पहिला सराव घरी, बादलीत. बादलीत एक स्टीलची वाटी, दोन गोट्या आणि मेथीची काडी टाकली. तासाभरात बरेच कळले. पहिली गोष्ट, झाकणाची रबरी कडा. बॅटरीच्या झाकणाला आतून रबर असते. त्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत जाते. झाकण कोरड्या हातांनी, कोरड्या जागी उघडायचे, रबर मऊ फडक्याने पुसायचे, कुलूप लागले का ते दोनदा बघायचे. मग कॅमेरा बादलीत धरून बुडबुडे निघतात का हे पाहायचे. बुडबुड्यांची सलग रेघ दिसली तर लगेच बाहेर.

दुसरी गोष्ट अंतराची. पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठी दिसते. चार फुटांवरची तीन फुटांवर असल्यासारखी. पेल्यातला चमचा वाकडा दिसतो ना, तेच. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशाच्या या वाकण्याचा अभ्यास 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडला. मुलीला हे सांगितले तेव्हा तिने बादलीतल्या वाटीला हात घातला आणि हात आधी पाण्यातच थांबला.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची: जवळ जा. नवखा माणूस झूम करतो, आणि तिथेच फसतो. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये जितके पाणी, तितका गढूळपणा आणि तितका निळा-हिरवा रंग. पाणी लाल रंग सर्वात आधी शोषते, म्हणून समुद्रात काही मीटर खाली लाल मासाही राखाडी दिसतो. मालवणचे फोटो धुक्याचे का झाले, याचे उत्तर बादलीत मिळाले. झूम बंद, एक फुटाच्या आत जायचे, कॅमेऱ्यातली पाण्याखालची खूण निवडायची म्हणजे तो लाल रंग थोडा परत आणतो. फ्लॅशही शक्यतो बंद. नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे दिसते.

हरसूलला आम्ही सकाळी दहा-साडेदहाला गेलो, ऊन तळापर्यंत पोचते तेव्हा. जागा भाभीने दाखवली: कमरेएवढे पाणी, संथ, खाली वाळू. त्याच्या पुढे डोह आहे, तिकडे कुणी जायचे नाही, हे आधीच ठरले. भाईजान दोर घेऊन काठावर. एकट्याने उतरायचे नाही, आणि श्वास जास्त वेळ टिकावा म्हणून आधी भराभर दीर्घ श्वास घ्यायचे नाहीत. त्याने पाण्यात शुद्ध हरपते आणि आधी काही कळतही नाही. आम्ही दोघींनी नाशिकला शिवून घेतलेले पायघोळ पोहण्याचे कपडे घातले होते, डोक्यावर टोपी. काठावर कपडे धुणाऱ्या कोकणा बायका हसल्या, मग त्यातलीच एक म्हणाली, "बाई, खेकडा पाहिजे तर त्या दगडाखाली बघा."

मुखवटा लावला आणि वाकले. आत इतकी शांतता असेल असे वाटले नव्हते. स्वतःच्या श्वासाचा आवाज, आणि समोर बोटभर मासे, सगळे प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी थरथरत उभे. मी हलले की पांगायचे, थांबले की परत यायचे. पायाला टोचायला लागले तेव्हा मी ओरडले आणि नाकातोंडात पाणी गेले. मुलगी हसून लोटपोट.

पहिले चाळीस फोटो वाया गेले. बटण दाबताना हात हलायचा, वाळू उडायची. मग तिने युक्ती काढली: कोपर दगडावर टेकवायचे, बटण अर्धे दाबून ठेवायचे, आणि मासा येईपर्यंत वाट बघायची. माशाच्या मागे जायचे नाही. कॅमेरा तळाशी धरून किंचित वर रोखला की पाण्याचा पृष्ठभाग वितळलेल्या चांदीसारखा येतो आणि मासा त्यावर उठून दिसतो. दगडाखालचा खेकडाही मिळाला, नांग्या पुढे करून बसलेला.

संध्याकाळी फोटो अम्मीला दाखवले. नळ येण्याआधी तिने कित्येक वर्षे या ओहोळावरून डोक्यावर हंडे आणले. इथे पाऊस धो धो पडतो, तरी एप्रिलमध्ये तिथे नुसते दगड उरतात. तेव्हा ती वाळूत खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरायची. तिने चश्मा लावला, खेकड्यापाशी थांबली, परत मागे गेली. म्हणाली, "हे सगळं माझ्या हंड्याखाली होतं? बेटा, मग उन्हाळ्यात हे जातात कुठे?"

मला उत्तर देता आले नाही. मुलगी म्हणाली, फेब्रुवारीत, पाणी आटायच्या आधी, त्याच जागी परत येऊन बघू या. तेव्हापासून तिने वही केली आहे: तारीख, पाणी कुठवर, काय दिसले.

डिसेंबरात पुन्हा मालवणला जायचे आहे. पोहणे शिकलेल्या बाईचीच सोबत मिळेल का, हे होडीवाल्याला फोनवर विचारले. "बघतो ताई," म्हणाला. मुलीने कॅमेऱ्याच्या डबीत सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवल्या आहेत, आणि समुद्रातून बाहेर आल्यावर कॅमेरा बुडवून ठेवायला गोड्या पाण्याची बादली लागेल, ती कोण उचलणार यावरून भावाशी तिचे भांडण चालू आहे.