एकाच जातीचे सहा

शोभेचे मासे घ्यायला गेले की दुकानदार हमखास सांगतो, "तळ साफ ठेवायला एक मिशीवाला घेऊन जा." मग गोल्डफिशच्या टाकीत तो एकटा मासा पडतो आणि पंपाच्या आड दडून बसतो. बघणारे म्हणतात, याचा स्वभावच भित्रा आहे.

या माशाचे नाव कॉरिडोरास. मूळ दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा; आपल्या शिंगाळ्याचा दूरचा भाऊबंद, पण लांबी जेमतेम दोन-अडीच इंच. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या असतात, जणू चिलखतच. टोकदार खड्यांनी त्याच्या मिशा झिजतात, म्हणून आमच्या टाकीत बारीक वाळू धुऊन अंथरली आहे. मधूनच तो सुळकन वर येऊन हवेचा घोट घेतो. ती हवा त्याच्या आतड्यात शोषली जाते. हिंगोलीच्या उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि या फेऱ्या वाढतात. तेव्हा दुपारी आम्ही टाकीभोवती ओले फडके गुंडाळतो.

पण त्याची मोठी गरज सोबतीची. आपल्याच जातीचे पाच-सहा जण असले म्हणजे तो खुलतो. आमच्याकडे ब्राँझ जातीचे सहा आहेत आणि ते भर दिवसा वाळू चाळत हिंडतात. एकाला निघायचे असले की तो शेजारच्याला हलकी ढुशी देतो, मग दोघे मिळून निघतात. अभ्यासकांनीही या ढुशीची नोंद केली आहे.

शेजारच्या खाला हे पाहून म्हणाल्या, "मछल्यां बी बिरादरी देखते क्या?"

आम्ही हसलो खरे, पण प्रश्न मनात राहिला. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. 'तुमची मुले आपल्यातच राहतात, मिसळत नाहीत' हे वाक्य प्रशिक्षणवर्गांत आणि एस.टी.च्या प्रवासात पुष्कळदा कानी आले आहे. दहावीनंतर आमच्या मुलींना मराठी माध्यमाच्या कॉलेजात जावे लागते. एका वर्षी एकच मुलगी गेली. हुशार होती, मराठीही चांगले बोलायची. दिवाळीआधीच घरी बसली. विचारले तर म्हणाली, "डिब्बा खाने कू साथ में कोई नइं था." पुढच्या वर्षी पाच जणी मिळून गेल्या. सुरुवातीला एकाच बाकाला चिकटून होत्या. स्नेहसंमेलनात त्यांतल्या दोघी मराठी नाटकात उभ्या राहिल्या, आणि ईदला त्यांच्या वर्गमैत्रिणी शीरखुर्मा खायला मोहल्ल्यात आल्या.

आपल्यांत असणे म्हणजे भिंत बांधणे नव्हे. अमेझॉनच्या खोऱ्यात वेगवेगळ्या जातींचे कॉरिडोरास एकत्रही वावरतात. २०११ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनानुसार त्यांचे रंगरूप सारखे असते, त्यामुळे शत्रूपासून सर्वांचाच बचाव होतो. मात्र तोंडाची ठेवण निराळी, म्हणून एकाचा घास दुसरा हिसकावत नाही. ज्याला ज्याचा घास मिळतो तिथे शेजार टिकतो.

'ही मुले मिसळत का नाहीत' असे विचारणाऱ्यांना आम्ही आता विचारतो, तुमच्या वर्गात ती आहेत किती? आणि आपल्या पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे : मुलीचा अकरावीचा अर्ज भरण्याआधी मोहल्ल्यातल्या चार घरी जाऊन या. तिथल्या मुलींचेही अर्ज भरवा, आणि सगळ्या जणींना एकाच कॉलेजात, एकाच बसने पाठवा.