१,४१२ वॉर्निंग्ज

"त्या वॉर्निंग्ज कुणी बघतं का?" सोमवारच्या स्टँड-अपमध्ये आमच्या लीडने विचारलं. सगळे म्यूटवर.

"मग लिंटर काढूनच टाकू या. शुक्रवारपर्यंत बघून सांग." हे माझ्यासाठी होतं.

लिंटर म्हणजे कोड न चालवता, नुसता वाचून त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारं टूल. १९७८ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सनने सी भाषेसाठी असा प्रोग्राम लिहिला आणि नाव ठेवलं 'लिंट'. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. झटकले की कपडा साफ. आम्ही मात्र ईएसलिंट लावून वर्षानुवर्षं काहीच झटकलं नव्हतं. १,४१२ वॉर्निंग्ज साठल्या होत्या. त्यात नवव्या व्हर्जनने कॉन्फिगची पद्धतच बदललेली, म्हणजे ती फाइल नव्याने लिहिणं आलं. खरं सांगतो, मीही काढायच्याच बाजूचा होतो.

तरी रिपोर्ट द्यायचा म्हणून नियमांप्रमाणे यादी लावली. हजारावर तक्रारी सेमीकोलन, कोट्स आणि स्पेसच्या. ते काम प्रिटिअर फाइल सेव्ह करतानाच करतो. ईएसलिंटनेही २०२३ मध्ये फॉरमॅटिंगचे नियम डेप्रिकेट केले. मग आम्ही स्वतः कॉमेंट टाकून लिंटरला गप्प बसवलेल्या जागा शोधल्या. २९ निघाल्या.

त्यातली एक बिलांच्या स्क्रीनवर होती. रिॲक्टमध्ये यूजइफेक्टला, काय बदललं की पुन्हा चालायचं, याची यादी द्यावी लागते. त्या यादीत ग्राहकाचा आयडीच नव्हता. म्हणजे ग्राहक बदलला तरी बिलं आधीच्याचीच दिसणार. सपोर्टकडून ही तक्रार कितीदा आली होती! आणि आम्ही दर वेळी सांगायचो, "पेज रिफ्रेश करायला सांगा." लिंटर नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवत होता. त्याला गप्प कुणी केलं म्हणून गिट ब्लेम मारलं.

माझं नाव. दोन वर्षांपूर्वी, रात्री ११:४७.

ती रात्र आठवली. सकाळी डेमो होता. लिंटर सांगेल ते सगळं यादीत टाकलं की स्क्रीन सारखी लोड होत राहायची. का, ते शोधायला वेळ नव्हता. म्हणून सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं. शेजारी लिहिलंही होतं, 'नंतर बघू'.

शुक्रवारी मी म्हणालो, "काढायला नको. फॉरमॅटिंगचे नियम सगळे काढू. चुका पकडणारे ठेवू, पण वॉर्निंग म्हणून नाही, एरर म्हणून. एरर असेल तर मर्ज नाही. आणि एखादा नियम बंद करायचाच असेल तर कारण लिहायचं."

"बरं. पण अचानक मत कसं बदललं?" लीडने विचारलं.

मी स्क्रीन शेअर केली. बिलांची ती ओळ, शेजारी माझं नाव आणि वेळ. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एकाने अनम्यूट केलं.

"त्या २९ मधल्या चार माझ्या आहेत. मी आज बघतो."