काट्यावरचं घर

घराचं वजन किती भरतं, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी एका वजनकाट्यावर समजलं. पुढे वाळूचा डंपर, मागे भंगाराचा टेम्पो आणि मधे आमचं पांढरं फिरतं घर, खिडक्यांना निळे पडदे लावून उभं. काटेवाल्याने पडद्यांकडे एकवार पाहिलं, काही विचारलं नाही आणि चिठ्ठी हातात दिली. आरसीत लिहिलेल्या मर्यादेपेक्षा आम्ही १४० किलो जास्त भरलो होतो. आणि आम्ही दोघं खाली उभे होतो.

"अहो, काटा चुकला असेल," ही म्हणाली.

पुण्याच्या कर्वेनगरात, आमच्या सोसायटीच्या आवारात, ही गाडी गेल्या वर्षी आली. खरं तर साधी व्हॅन घ्यावी आणि आतलं काम ओळखीच्या सुताराकडून करून घ्यावं, असं माझ्या मनात होतं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं आलं. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठणकावून सांगितलेलं. राहायच्या गाडीसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. अशी मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था १९६६ सालची आणि आमच्या अगदी डोक्यावर, वेताळ टेकडीवर. वीस वर्षं मी त्या टेकडीवर सकाळी फिरायला जातोय; आत काय चालतं याचा विचार कधी शिवला नव्हता. शेवटी कॅराव्हॅन म्हणूनच नोंदलेली सेकंडहँड गाडी घेतली. राज्य सरकारच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात अशा गाड्यांसाठी खास तळ उभारायचं ठरलंय. आमचा तळ म्हणजे शेवग्याखालचा पार्किंगचा कोपरा, आणि तोही सोसायटीच्या दोन सभा झडल्यावर मिळाला.

आता १४० किलो काढायचे. सगळ्यात सोपं पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलो होतो, पण १०० लिटरची टाकी म्हणजे दोन धडधाकट पाहुणे फुकट घेऊन हिंडणं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बरं, टाकी अर्धी ठेवावी तर पाणी वळणावर या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतं आणि गाडी झोके घेते. तेव्हा निघताना दहा-पंधरा लिटर, बाकीचं मुक्कामाला. उरलेलं वजन मात्र स्वयंपाकघरात होतं, आणि तिथे माझं चालत नाही. लोखंडी खलबत्ता, दोन प्रेशर कुकर, पुरणयंत्र. "कोकणात पुरण घालणारेस?" असं विचारून मी दोन दिवसांची शांतता विकत घेतली. तिसऱ्या दिवशी पुरणयंत्र आपलं आपणच घरी परत गेलं. खलबत्ता आहे. माझी सतरा पुस्तकं खाली उतरली, एवढं सांगितलं म्हणजे तहाच्या अटी कळतील.

त्यानंतर आवाज. घर हललं की बोलायला लागतं. कॅनॉल रोडच्या पहिल्याच गतिरोधकावर आतून असा खणखणाट झाला की वाटलं, अख्खी मांडणी कोसळली. काहीच पडलं नव्हतं. ही मागे जाऊन बसली आणि मी ताशी पंधराच्या वेगाने तोच गतिरोधक चार वेळा ओलांडला. प्रत्येक वेळी ती एका वस्तूवर हात ठेवायची. ताटांवर हात, तरी आवाज. डब्यांवर हात, तरी आवाज. चौथ्या वेळी तिने मिसळणाचा डबा उघडला. आतल्या सात वाट्या आणि तो इवलासा चमचा! डब्याच्या झाकणाखाली जुन्या सुती साडीचा तुकडा घडी करून बसवला आणि गाडी गप्प झाली. तेव्हापासून आमच्याकडे ताटामध्ये ताट नाही, मधे कापड आहे. जड ते खाली, हलकं ते वर, प्रत्येक खणाला कडी, आणि चाक हलण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद. हे शेवटचं मी मोठ्याने म्हणतो आणि ती मोठ्याने "बंद!" म्हणते, एसटीच्या कंडक्टरसारखं.

ट्रेलरची कल्पना भाच्याची. त्याचा केटरिंगचा धंदा आहे, त्याच्याकडे दोन चाकांचा, रीतसर नोंदलेला छोटा ट्रेलर पडून असतो. "मामा, खुर्च्या, तंबू, जनरेटर सगळं मागे टाका, गाडी मोकळी." मोह पडला. ट्रेलरवर त्याचा स्वतःचा नंबर असतो आणि मागे ओढणाऱ्या गाडीचाही लावायचा असतो, तो रंगवून घेतला. दिवे जोडले, साखळी जोडली. चढवायला सोपा म्हणून जनरेटर अगदी मागच्या फळीपाशी ठेवला. चांदणी चौक ओलांडून भूगावच्या उताराला लागलो आणि आरशात पाहिलं तर ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलत होता. आधी थोडा, मग गाडीलाच डावीउजवीकडे ओढायला लागला. मी घाबरून ब्रेक दाबला असता तर हा लेख लिहायला उरलो नसतो. पाय नुसता काढून घेतला, स्टिअरिंग धरून ठेवलं. तो हळूहळू शांत झाला. घरी येताना वीसच्या वर गेलो नाही आणि मागच्या हॉर्नना कान दिला नाही.

चूक सगळी माझी. ट्रेलरमधलं जड सामान चाकांच्या जरा पुढे हवं. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडाच्या आकड्यावर पडला पाहिजे. मागे भार गेला की आकडा वर उचलला जातो आणि शेपूट हलते.

शरम याची वाटली की हे मी पूर्वी ऐकलं होतं. बँकेच्या नोकरीत बीड जिल्ह्यात पाटोद्याला तीन वर्षं काढली. दसरा उलटला की गावं ओस पडू लागायची. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत संसार भरायची. नवरा-बायको मिळून तिथे 'एक कोयता' मोजतात. बाजरीची पोती, चूल, कोपीचं, म्हणजे झोपडीचं सामान, हंडे, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर पोरं. पाच-सहा महिन्यांचं घर. बँकेच्या पायरीवरून मी ते बघत असे, आणि एक ड्रायव्हर दर ट्रॉलीपाशी ओरडत असे, "पोती म्होरं घ्या! ओझं म्होरं!" कर्ज मागायला आलेल्यांचे कागद तपासण्यात मी एवढा गुंतलेला, की त्या ओरडण्यात काही शिकण्यासारखं असेल असं वाटलंच नाही. आणि त्यांच्या त्या जाण्याला सहल म्हणायची माझी हिंमत नाही. ट्रेलर भाच्याला परत दिला.

जायचंय मुरूडला, दापोलीजवळच्या. कर्वेनगरच्या माणसाने एकदा तरी जावं असं ते गाव. अण्णासाहेब कर्वे तिथले. १८७५ साली परीक्षेला बसायला म्हणून भर पावसात मुरूडहून साताऱ्याला सुमारे ११० मैल चालत गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर त्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हा फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपून हा माणूस चिखलातून रोज इथवर पायी यायचा. त्याच हिंगण्याचं आता कर्वेनगर झालंय आणि मी खलबत्त्यावरून भांडतोय. आम्ही पिरंगुट, ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड असे जाणार. घाट ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, हे डॅशबोर्डवर चिठ्ठी लावून ठेवलंय. शेजारी गाडीच्या उंचीची चिठ्ठी. आमच्या गल्लीत केबलच्या तारा इतक्या लोंबतात की सोसायटीतला एक मुलगा विसर्जनाच्या मिरवणुकीतला बांबू घेऊन पुढे चालतो, तेव्हा कुठे आम्ही हमरस्त्याला लागतो.

निघायचं गेल्या शनिवारी ठरलं होतं. शुक्रवारी हवा भरायला पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने हवा भरली नाही. उकिडवा बसून टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, "काका, हे वाचा." लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे होते : ३११६. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर २०१६ सालच्या ३१व्या आठवड्यात तयार झालेला. वरची नक्षी नव्यासारखी, म्हणून मी निर्धास्त होतो. त्याने नख लावून बाजूच्या बारीक भेगा दाखवल्या. "गोटा नाही झाला, म्हातारा झालाय. उभ्या गाडीचा असाच होतो." स्टेपनी त्याहून एका वर्षाने थोरली निघाली.

नवे टायर बुधवारी येतायत. तुमच्याही इमारतीखाली फारशी न फिरणारी एखादी गाडी उभी असेल, तर आज खाली उतरा आणि ते चार आकडे वाचा. स्टेपनीचेसुद्धा.