शेवळं आणि काकडं

पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो आणि जुना पुणे रस्ता घाटाच्या दिशेने निघतो. दिवसरात्र कंटेनरची घरघर. याच गर्दीच्या कडेला, मे सरताना पहिल्या सरी पडून गेल्या की ठाकूर-कातकरी बायका पाट्या घेऊन बसतात. पाटीत जांभळट, निमुळत्या कोंबांच्या जुड्या आणि शेजारी हिरव्या, आंबट-तुरट फळांचे वाटे. हा मोसम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, आणि मी वर्षभर त्याची वाट पाहतो.

"शेवळं घेतलीस, आता काकडं पण घे. त्याबिगर खाज जायाची नाय," असं एका मावशींनी पहिल्याच खरेदीला बजावलं होतं. शेवळं सुरणाच्याच कुळातली. अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, म्हणून नीट न शिजवलेली भाजी घशाला चांगलीच खाजते. काकड हा जंगली वृक्ष नेमका याच दिवसांत फळतो. फळं ठेचून, उकडून त्यांचा रस भाजीत घालतात. काकडं नाही मिळाली तर चिंच किंवा आमसूल.

साफ करण्याची रीतही मावशींनीच दाखवली. हाताला तेल लावायचं, बाहेरचं वेष्टन सोडवायचं आणि आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा. तो सगळ्यात खाजरा. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. कायस्थ प्रभूंच्या घरांत त्यात सोडे, कोलंबी किंवा खिमा पडतो. काही घरांत नुसते वाल किंवा चण्याची डाळ. माझ्या मते सोड्यांची जोड सर्वांत उत्तम, कारण शेवळांचा मातकट, किंचित मांसल स्वाद सोडेच पेलू शकतात.

ज्याला आपण कोंब म्हणतो, तो खरं तर फुलोरा. जमिनीतला कंद आधी फुलोरा वर पाठवतो. उमलला की त्याला कुजक्या मांसाचा वास येतो आणि त्यावर परागीकरण करणारे कीटक जमतात. म्हणूनच शेवळं मिटलेली असतानाच खुडतात. सुमात्रा बेटावरचा याच प्रजातीतला अजस्र भाऊबंद १८७८ साली इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेकारी यांनी जगापुढे आणला. १८८९ मध्ये तो लंडनच्या क्यू उद्यानात फुलला. आजही तो कुठे फुलला की बघ्यांच्या रांगा लागतात. आपल्याकडचा त्याचा नातलग महामार्गाच्या कडेला जुड्यांनी विकला जातो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फुलोरा संपल्यावर छत्रीसारखं एकच मोठं पान येतं. काही भागांत त्याला लोत म्हणतात आणि कोवळं असताना त्याचीही भाजी करतात. पावसाळाभर हे पान कंदात अन्न साठवतं. त्यामुळे फुलोरा खुडला तर बी धरत नाही, पण कंद जगतो. पानही ओरबाडलं, तर पुढच्या वर्षासाठी त्याच्याकडे शिल्लक काय राहणार? आणि जमीनच सपाट केली, तर सगळंच संपतं. पनवेलभोवतीचे माळ आणि टेकड्यांचे उतार भराव घालून इमारतींखाली जात आहेत. मावशी आता जुड्या आणायला कर्नाळ्याच्या बाजूला पूर्वीपेक्षा लांब जातात. त्या एका जागची सगळी शेवळं काढत नाहीत, काही मुद्दाम उभी ठेवतात.

सुरण कोकणात परसात सहज होतो. पावसाच्या तोंडावर कंद लावायचा, आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडली की खणायचा. शेवळांची तशी शेती मी आमच्या भागात पाहिलेली नाही. सगळा माल रानातून येतो. ती परसात यावीत असं मला मनापासून वाटतं. म्हणून सपाटीकरणाच्या एका जागेवर उघडे पडलेले कंद मालकाला विचारून उचलले आणि आंब्याच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर, पालापाचोळ्याखाली लावले. अजून फक्त पानंच येतात. फुलोरा धरण्याइतका कंद पोसला जाईपर्यंत त्या पानांना घरात कुणी विळी लावायची नाही, असं ठरलं आहे.