वाचलेलं आणि आलेलं

सीए फायनलचा निकाल लागला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "मॅडम, सगळं वाचलं होतं हो. तीनतीनदा वाचलं होतं." बोलणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याच्या पुस्तकाच्या कडा मऊ पडलेल्या असतात, हायलायटरचे रंग एकमेकांवर चढलेले असतात. आमच्या ऑफिसात आर्टिकलशिप करून गेलेली अशी कष्टाळू मुलं मी इतकी पाहिली आहेत, की 'अभ्यास कमी पडला' हे निदान मला अन्यायाचं वाटतं. या मुलांनी पुस्तकातून डोक्यात पुष्कळ नेलेलं असतं. डोक्यातून कागदावर आणायचा सराव मात्र थेट परीक्षेच्या हॉलमध्ये सुरू होतो.

लग्नात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, आपण हसून नमस्कारही करतो, पण नाव काही केल्या ओठावर येत नाही. तिसऱ्यांदा वाचलेल्या पानाचं असंच असतं. ते ओळखीचं झालेलं असतं आणि त्या ओळखीलाच आपण 'येतंय' म्हणतो. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. मला त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच वाटते : आपल्या जास्त लक्षात राहील, हा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

ऑडिटचं उदाहरण घेऊ, कारण या विषयात अनेकांचा घात होतो. एसए 570, म्हणजे 'गोइंग कन्सर्न'. धंदा पुढे चालू राहील, हे गृहीत धरून हिशेब मांडणं योग्य आहे का, हे ऑडिटरने तपासायचं. वाचताना हे इतकं सरळ वाटतं की पान पटकन उलटलं जातं. मग पेपरात केस येते : कंपनीचं मोठं कर्ज तीन महिन्यांत फेडायचं आहे, बँक नूतनीकरणाला तयार नाही, संचालकांनी नोट्समध्ये याबद्दल एक मोघम ओळ लिहिली आहे. रिपोर्ट काय द्याल? गृहीतक योग्य आहे, अनिश्चितता मोठी आहे आणि तिची माहिती पुरेशी दिलेली आहे, असं असेल तर मत स्वच्छ राहतं, फक्त रिपोर्टमध्ये त्यासाठी वेगळा परिच्छेद येतो. माहिती अपुरी असेल तर मत क्वालिफाइड किंवा ॲडव्हर्स होतं. गृहीतकच चुकीचं असेल, तर ॲडव्हर्स. वाचताना या तिन्ही वाटा एकसारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक समजतो तो पुस्तक मिटून तीन वेगवेगळ्या केसेसची तीन उत्तरं स्वतः लिहिल्यावर, आणि मग इन्स्टिट्यूटच्या सजेस्टेड आन्सर्सशी ओळीओळीने ताडून पाहिल्यावर. आधी उत्तर पाहायचं आणि 'हो, हेच लिहिलं असतं' म्हणायचं, याला मी अभ्यास मानत नाही.

मुलं हे टाळतात, कारण कोऱ्या कागदासमोर बसणं क्लेशाचं असतं. दुप्पट वेगाने लेक्चर पाहून संपवलं की दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो. अर्धं पान लिहून पुढे काही सुचेना, की जीव घाबरा होतो. तो घाबरेपणा मी रोज पाहते आणि मला त्या मुलांची फार माया वाटते. पण नेमकं तिथेच शिकणं चाललेलं असतं. जे अडलं ते सापडलं, हा त्या दिवसाचा लाभ.

परीक्षेचे नियमही ध्यानात घ्यायला हवेत. नव्या अभ्यासक्रमात फायनलचे सहा पेपर आहेत, तीन-तीनचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपच्या 300 पैकी 150 गुण लागतात. 62, 55 आणि 39 मिळवणाऱ्याची बेरीज 156 होते, तरी ग्रुप जातो. 62 चं एक्झम्प्शन पुढच्या तीन परीक्षांपर्यंत चालतं, एवढाच दिलासा. म्हणून आवडीच्या विषयातल्या त्याच त्या सोडवता येणाऱ्या गणितांवर आठवडे घालवणं परवडत नाही. नावडत्या पेपरला सकाळची ताजी वेळ द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन वर्षांच्या आर्टिकलशिपनंतर अभ्यासाला सहा महिने मिळतात. अभ्यासिकेत त्या काळात तासांची चढाओढ लागते : कुणी बारा सांगतं, कुणी चौदा. तास मोजून काय मिळतं? झोप मोडून मिळवलेले तास दुसऱ्या दिवशी दुप्पट वसूल होतात. त्यापेक्षा घड्याळ लावून तीन तासांचा पूर्ण पेपर हाताने लिहिण्याची सवय शेवटच्या महिन्याच्या कितीतरी आधी लागावी. धडा संपला की दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने त्याच्यावरचे प्रश्न पुन्हा सोडवावेत. मधल्या काळात थोडं विसरायला झालं तर बिघडत नाही, विसरलेलं ओढून आणण्यातच ते पक्कं होतं.

आणि कलमं पाठ करण्याबद्दल. 1961 चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आला. कलमांचे क्रमांक बदलले. पिढ्यांनी जिभेवर खेळवलेले आकडे एका तारखेला जुने झाले. ज्याला तरतूद का आहे हे कळलं होतं, त्याला नवा क्रमांक शिकायला वेळ लागत नाही. ज्याच्याकडे फक्त आकडा होता, त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या परीक्षेला बसणारे बहुसंख्य नापास होतात. त्यात हुशार आणि प्रामाणिक मुलं असतात. घरच्यांनी 'यंदा तरी होईल ना?' असं विचारू नये, एवढी विनंती. आणि तुम्ही स्वतः तयारी करत असाल, तर आज पुस्तक उघडण्याआधी कोरा कागद घ्या, काल वाचलेल्या धड्यावर आठवेल ते लिहा आणि मगच पान उलटा.