बचावफळीतला माणूस

आमच्या नावड्यात फुटबॉल खेळणारे मूठभर. त्यात मी बचावपटू. गोल करणाऱ्याचे नाव होते; गोल वाचवणाऱ्याला "तुझे कामच ते" एवढेच ऐकावे लागते. वडील तर सरळ विचारतात, "याने पोट भरणार का?"

प्रश्न खोटा नाही. तो मनात घोळू लागला की मला मुंबईचा राहुल भेके आठवतो. १९९० साली जन्मलेला हा बचावपटू मुंबई एफसी, ईस्ट बंगाल करीत २०१७ साली बंगळुरूच्या संघात गेला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतच इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात त्याने ११७ व्या मिनिटाला डोक्याने गोल केला आणि गोव्याचा संघ हरला. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीकडून त्याने इराकी संघाविरुद्ध विजयी गोल केला. आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय! २०२४ साली कर्णधार म्हणून त्याने मुंबईला लीगचा चषक मिळवून दिला.

पण मला भुरळ पडते ती आधीच्या ११६ मिनिटांची. तेवढा वेळ त्याच्या फळीने गोल होऊ दिला नाही, म्हणून तर त्या एका गोलाला मोल आले.

असे भेके हजारांत एखादेच, हे मी जाणतो. वडिलांना माझ्यापाशी अजून उत्तर नाही. तळोज्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे रात्रपाळ्या करून त्यांनी घरावर कर्ज चढू दिले नाही. त्याची नोंद कुठल्याच फळ्यावर नाही. आमच्या घरातले बचावपटू तेच, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?