फाईल बंद झाल्यानंतरचा अभ्यासक्रम

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

आज दसरा आणि नेमका आजच जागतिक हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिन. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार त्याला ठरलेला. सणावाराशी त्याचं देणंघेणं नाही. सकाळी सोनं वाटून झालं आणि संध्याकाळी लॅपटॉपसमोर याच विषयाच्या पदव्युत्तर पदविकेचा पहिला वर्ग. पडद्यावर चौकटीच चौकटी. नाशिकची स्टाफ नर्स, कोल्हापूरचा फिजिओथेरपिस्ट, मराठवाड्यात गावोगाव फिरणारी एका संस्थेची कार्यकर्ती, दोन डॉक्टर, आणि मी, विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणची समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय). एवढं लांबलचक पदनाम ऐकून त्यातले एक डॉक्टर म्हणाले, "म्हणजे योजनेचे फॉर्म भरता, त्या?" हो, त्याच.

फॉर्म भरता भरताच इथवर आले. महात्मा फुले योजनेत ऑपरेशनला पॅकेज आहे, किमोला आहे, पेशंट ज्याला 'लाईट' म्हणतात त्या रेडिएशनला आहे. मग एक दिवस केसपेपरवर 'घरी नेऊन सेवा करावी' असं येतं आणि फाईल बंद होते. नातेवाईक तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी येतात, कारण बसायला रिकामी खुर्ची फक्त तिथेच असते. सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला एमएसडब्ल्यूला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिला तास सिसिली सॉन्डर्सचा. आधी नर्स; पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं; मग लंडनच्या रुग्णालयात समाजसेविका. तिथं डेव्हिड तास्मा नावाचा वॉर्सॉहून आलेला पोलिश ज्यू तिच्याकडे होता, कॅन्सरनं मरणपंथाला लागलेला. १९४८ मध्ये जाताना त्यानं तिच्या न बांधलेल्या हॉस्पिससाठी ५०० पौंड ठेवले. ते सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं १९६७ मध्ये. मधल्या काळात बाई डॉक्टरही झाल्या, १९५७ मध्ये. नर्सचं कुणी ऐकणार नाही, तू डॉक्टरच हो, असा सल्ला त्यांना एका सर्जननंच दिला होता. वर्गात सगळे या जिद्दीचं कौतुक करत होते. मला त्या सल्ल्याचाच राग येत राहिला.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मॉर्फिन. आज दोन तास तेवढंच.

तोंडावाटे द्यायचं, दर चार तासांनी, घड्याळ बघून. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. रात्री झोपताना दुप्पट डोस, म्हणजे दोन वाजता उठवावं लागत नाही. मळमळ, गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून जुलाबाचं औषध त्याच चिठ्ठीवर, त्याच दिवशी. मूत्रपिंडं कमजोर असतील तर जपून. नाशिकच्या सिस्टर हे सगळं डॉक्टरांच्या आधी सांगत होत्या. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला यात नवं काही नसणार. नवीन एवढंच, की आज ते त्यांना बोलू दिलं गेलं.

मग कायदा. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. गर्द विकणाऱ्यासाठी केला, पण त्याच्या धाकानं औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. चार-चार खात्यांचे परवाने, एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. २०१४ च्या दुरुस्तीनं ते सोपं झालं. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. कागदावर सोपं. आमच्या भागातल्या पेशंटला अजूनही गोळीसाठी नागपूरची एसटी धरावी लागते. आणि अफू पिकते कुठं? शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरला, सरकारी परवान्यानं. नीमचलाच सरकारी कारखाना. लॅन्सेट आयोगाच्या अहवालातला आकडा वहीत उतरवला: जगात वर्षाला वाटली जाणारी ही वेदनाशामकं मॉर्फिनच्या हिशेबात २९८.५ टन, त्यातली सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन. आपण त्या सगळ्यात गरिबांतही मोडत नाही. तरी नागपूरची एसटी आहेच.

आज ओपीडीत आलेले भाऊ डोळ्यांसमोरून जात नाहीत. वय ५२, तीन एकर कापूस, खर्र्यानं गेलेला गाल. दुखणं शून्य ते दहात किती, असं विचारलं तर बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सोळा आणे दुखते, मॅडम." तक्त्यात सोळा आणे नाहीत. सिस्टरनी दहा लिहिलं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली गृहभेट भाऊंच्या गावी. त्यांची खाट गोठ्यात होती. घरातली माणसं वाईट नाहीत. सून जेवण आणून देते, मुलगा रात्री तिथंच पोतं टाकून झोपतो. पण जखमेचा वास असा की अन्न घशाखाली उतरत नाही, आणि घरात दीड वर्षाचं लेकरू.

नाशिकच्या सिस्टरनी वर्गात दाखवलं होतं ते आमच्या सिस्टरनी तिथं केलं. पाणी उकळून, त्यात मीठ घालून कोमट केलं आणि जखमेवर हळूहळू सोडत धुतलं; घासायचं नाही. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये चिरडून पिठासारख्या केल्या आणि जखमेत, कडांच्या खाली जाईल अशा भुरभुरल्या. वर व्हॅसलिन लावलेलं गॉज, म्हणजे काढताना मांस ओढून येत नाही. वास जखमेतल्या हवेविना वाढणाऱ्या जंतूंचा असतो. या गोळीनं ते मरतात. गोळी जुलाबावरची, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारी. सुनेनं दुसऱ्यांदा स्वतः करून दाखवलं. हात थरथरत नव्हता तिचा, माझा थरथरला असता.

सिसिलीबाईंची 'संपूर्ण वेदना' चार घरांच्या तक्त्यात शिकवतात: शारीरिक, मानसिक, सामाजिक, आध्यात्मिक. सामाजिक नेहमी तिसरी. गोठ्यात उभं राहून ती कुठल्या घरात टाकायची? वास शरीराचा, खाट कुठं टाकायची ते ठरवतं घर, आणि माणूस खचतो तो खाटेमुळे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

भाऊंच्या मुलाचा फोन. खाट ओसरीवर आली. नागपूरहून आणलेली गोळी चालू आहे. "बाबा म्हणते, आता चार आणे."

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान. निम्मा स्टाफ निवडणूक ड्युटीवर, ओपीडी ओस. बसून असाइनमेंट लिहिली. 'चिंतनात्मक निबंध' हा प्रकार मला जमत नाही. मला काय वाटलं, यापेक्षा पेशंटचं काय झालं ते लिहायला हात वळतो. शेरा आला तर येऊ दे.

मंगळवार, ३ डिसेंबर

वाईट बातमी सांगण्याचा पाठ. सहा पायऱ्यांची पद्धत आहे, अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० मध्ये मांडलेली: एकांत पाहा, माणसाला किती ठाऊक आहे ते विचारा, किती जाणून घ्यायचंय ते विचारा, मग सांगा, भावनांना वाट द्या, पुढचं ठरवा. पद्धत चांगली आहे. पण तिच्यात एक खोली, एक डॉक्टर आणि एक पेशंट गृहीत धरलेला आहे. आमच्याकडे एक पेशंट, दोन मुलगे, एक जावई, मावसभाऊ जो पोलिसात आहे, आणि दारात पुढचा नंबर. सगळ्यांच्या आधी थोरला मुलगा बाहेर गाठतो: "बाबाले सांगू नका, ते खचून जातीन."

आज भाऊ दाखवायला आले होते. मुलगा चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीवर गेला तसे खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पोराले सांगू नका मॅडम, का मले समजलं म्हणून." दोघंही एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यात सातबारा तसाच राहिला होता. जमीन भाऊंच्या आणि मयत भावाच्या नावावर, फेरफार झालेला नाही, सोसायटीचं पीककर्ज थकीत. भाऊंच्या सहीशिवाय यातलं काही हलणार नाही, आणि सही का हवी हे त्यांना सांगायला कुणी तयार नाही.

मी दोघांना समोरासमोर बसवलं नाही. भाऊंना विचारलं, शेताचं काय ठरवलंय? ते बोलू लागले, मुलगा खिडकीवरून परत आला आणि उभ्याउभ्या ऐकू लागला. कॅन्सर हा शब्द कुणीच काढला नाही. तलाठ्याकडे कधी जायचं ते मात्र ठरलं. सहा पायऱ्यांत हे कुठं बसतं ते सरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, सहावीवरून सुरुवात केलीत. मला वाटतं आम्ही जिन्यावर नव्हतोच, ओसरीतून घरात शिरलो.

बुधवार, १५ जानेवारी २०२५, कोझिकोड

अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम. काल गावी संक्रांत, आज इथं केरळचा पॅलिएटिव्ह केअर दिन. शाळेची पोरं फलक घेऊन चालत होती, दुकानांच्या गल्ल्यांवर देणगीचे डबे होते. मरणाच्या आजारासाठी भर बाजारात डबा! आपल्याकडे तो गणपतीसाठी असतो.

इथलं सगळं १९९३ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या ओपीडीतून सुरू झालं, डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांचे स्वयंसेवक. पुढे गावागावांत शेजाऱ्यांची मंडळं उभी राहिली, आणि २००८ मध्ये केरळनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच केलं, देशात पहिलं. आता पंचायतीच्या पैशातून नर्स घरोघर जाते.

शनिवार, १८ जानेवारी, कोझिकोड

दिवसभर गृहभेटींच्या गाडीतून. गाडीत डॉक्टर नाहीत. नर्स, ड्रायव्हर, दोन स्वयंसेवक. त्यातले एक काका बरीच वर्षं आखातात काढून आलेले, त्यांची हिंदी माझ्यापेक्षा साफ. नर्सच्या पिशवीत कॅथेटर, मूत्रपिशव्या, ड्रेसिंगचे डबे, नेब्युलायझर, आणि पेशंटच्या घरी ठेवलेल्या वहीत लिहायला दोन पेनं. पहिल्या घरी पक्षाघाताचा तरुण. नर्स पाठीवरचा व्रण धुत होती तोवर काकांनी मागच्या अंगणात जाऊन त्याच्या आईला विचारलं, तांदूळ किती दिवसांचा आहे. नुसतं विचारून सोडलं नाही, वहीत लिहिलं. औषधांच्याच पानावर, त्याच रकान्यात.

हे पाहून हुरळून जाऊ नये असंही स्वतःला बजावते आहे. इथं एक घर संपत नाही तोच दुसरं सुरू होतं; आमच्याकडे एका पोडावरून (पाड्यावरून) दुसऱ्या पोडावर जाताना डिझेल संपतं. इथं पंचायतीत पैसा आहे, संघटनांची सवय आहे. पण डॉक्टर नसताना नर्सनं घरात निर्णय घेणं आणि तांदळाचा हिशेब औषधाशेजारी मांडणं, याला डिझेल लागत नाही. आशाताईंना जखम धुवायला शिकवायला तर मुळीच नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

घरी परत. आज ऑनलाइन वर्गात कायदा, आणि कायदा म्हटलं की मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग. १९७३ च्या नोव्हेंबरात केईएमच्या आवारातच हल्ला झाला, आणि २०१५ च्या मे महिन्यात त्या गेल्या. एवढी वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाबतीतला दयामरणाचा अर्ज फेटाळला, पण उपचार थांबवण्याचं दार किलकिलं केलं. २०१८ मध्ये शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला मान्यता मिळाली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सुटसुटीत झाली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. गोव्यात गेल्या मे महिन्यात न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं असं पत्र करून सुरुवात करून दिली.

नाशिकच्या सिस्टर आज भडकल्या. उपचार थांबवायचे का हे ठरवणाऱ्या रुग्णालयाच्या दोन्ही मंडळांत फक्त डॉक्टर. "चाळीस वर्षं पाठ कुणी पुसली? आणि ठरवताना नर्सला खुर्ची नाही?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला समाजसेवकाचंही विचारायचं होतं, पण त्यांच्या पुढं जाऊन बोलणं बरं वाटलं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

भाऊ परवा रात्री गेले. घरीच, ओसरीवर. शेवटच्या दिवसांत घशात घरघर होती. सुनेला कुशीवर वळवायचं माहीत होतं. उरलेल्या गोळ्या मुलानं मोजून, कागदावर आकडा लिहून परत आणल्या. सिस्टरनी रजिस्टरला नोंद केली. फेरफार डिसेंबरातच झाला होता.

रविवार, ९ मार्च

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, पॅलिएटिव्ह टीममध्ये समाजसेवकाच्या कामाचं मोजमाप काय? मी भाऊंची फाईल सांगितली. दुखण्याच्या रकान्यात सोळा आण्यांचे चार आणे, खाट गोठ्यातून ओसरीवर, फेरफार, पीककर्ज. त्यांनी ओसरी हा मापदंड कसा होईल असं विचारलं. मी म्हटलं, वेदनेचा दहाचा तक्तासुद्धा पेशंटनं सांगितलेलंच लिहून घेतो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न मेथाडोनवर विचारला.

परवा, मंगळवारी, गावचा ग्रामसेवक भेटणार आहे. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत कमावता माणूस ६० च्या आत गेला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २०,००० रुपये मिळतात. भाऊंच्या रेशनकार्डावर हाक मारायचं नाव आहे आणि आधारवर पाळण्यातलं, मृत्यूच्या दाखल्यावर दोन्हींचं अर्धं अर्धं. आधी एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र. वहिनींना, म्हणजे भाऊंच्या पत्नीला, म्हटलंय, सोबत आधारच्या दोन झेरॉक्स आणा, बँकेचं पासबुक आणा, आणि उन्हाच्या आत या.